कबूल, नाकबूल आणि मधला चौकोन

६ फेब्रुवारी

बटणा,

आधी आशीर्वाद घे, मग वाच. पत्र लांबलचक आहे, चहा ठेवला असशील तर गॅस बंद करून ये.

हे सगळं मी माझ्या हातानं लिहिलंय. वर्गातल्या बाईंना फक्त ‘लांबलचक’ कसं लिहायचं तेवढं विचारलं. त्या म्हणाल्या, आजी, पहिल्याच ओळीत हा शब्द आला, म्हणजे पुढचं कळलंच. म्हणू देत. फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी माझ्या मनाचं घालते. मागे तुझी आई म्हणाली ‘येत नाही’, मी ऐकलं ‘येतेय’, आणि चार माणसांचा स्वयंपाक करून वाट बघत बसले. वर भांडण झालं ते वेगळंच. तेव्हा आपलं पत्रच बरं. कागद उलट बोलत नाही.

चष्मा झकास आहे. नाकावर जरा टोचतो. बघ ना, सत्तरीत मला वाचता यायला लागलं आणि वर्षाच्या आत डोळे अधू झाले. चणे आहेत तर दात नाहीत, तसली गत. पण तू वेळात वेळ काढून आलीस, मला चष्मेवाल्याकडे नेलंस, आणि येताना गाडीतून मी जे पाहिलं ते काय सांगू तुला. तो रस्ता मी आयुष्यात हजारदा पाहिला असेल, पण वाचला पहिल्यांदा. ‘चाव्या बनवून मिळतील.’ ‘येथे गाड्या लावू नयेत’, आणि खाली सात गाड्या. ‘दात न दुखवता काढू.’ ‘कुत्र्यापासून सावध’, आणि कुत्र्याचा पत्ता नाही, फाटकात एक म्हातारा बसलेला. मी म्हटलं, याच्यापासूनच सावध राहायचं असेल.

लॉन्ड्रीत तीस वर्षं इस्त्री केली मी. कॉलरीवर नावं लिहिलेली असायची, मला ती नक्षी वाटायची. मी आपली दोऱ्यावरून ओळखायची, लाल टाका म्हणजे डॉक्टर, दोन निळे टाके म्हणजे शाळेचे हेडमास्तर. तुझं नाव बटण ठेवलं तेही तिथंच. तुझी आई तुला पहिल्यांदा घेऊन आली, तू टेबलावर पडून डोळे वटारलेस, आणि आमची मुकादमीण म्हणाली, हे काय, कोटाची बटणं.

कुठून कुठे आले. तर आपली गाडी अडवणारा तो बेकरीच्या कोपऱ्यावरचा पोलीस. त्याला केवढी सर्दी झाली होती. माझ्याकडून रुमाल घेतला आणि तुझी पावती फाडली. रुमाल गेला तो गेलाच. पण एवढ्याशा कागदानं तुझं तोंड का उतरलं, ते मला कळलं नाही. चहाचा कप तू हातात धरून बसलीस आणि तो तसाच गार झाला. दंड भरून मोकळी झालीस ना? ते कळव.

तुझी आजी


१३ फेब्रुवारी

आजी,

पत्र मिळालं. घड्याळजींनाही वाचून दाखवलं. घड्याळजी म्हणजे माझ्या गाडीतले एक पेशंट, पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे. किडनी गेली, आता आठवड्यातून तीनदा मशीनवर. ते हसत नाहीत सहसा. कुत्र्यावर हसले.

आत्ता इस्पितळाच्या आवारात गाडीतच बसून लिहितेय. पहिल्या पाळीचे सहाजण आत पोचवले, दुसऱ्या पाळीचे आणायला निघायला वीस मिनिटं आहेत. ही वीस मिनिटं मी रोज झोपते. आज तुला दिली.

दंड भरून भागत नाही आजी. दंडाचं काही नाही. लायसनवर नोंद होते, त्याचं आहे. माझ्या लायसनवर आधीच दोन नोंदी आहेत. एक वेगाची, घड्याळजी गाडीत बेशुद्ध पडले होते त्या दिवसाची. दुसरी, एका बाईंना खुर्चीसकट उतरवायला गाडी फुटपाथवर घेतली त्याची. तिसरी झाली की लायसन सहा महिने बंद. आणि लायसन नाही म्हणजे काम नाही, कंपनीचा नियमच आहे. सहा महिन्यांनी ते मला परत घेतील हे कुठंही लिहिलेलं नाही.

नोटीस आलीय. त्यात तीन चौकोन आहेत, एकावर खूण करून पंचवीस तारखेच्या आत कोर्टात द्यायची. पहिला, ‘गुन्हा कबूल आहे’. म्हणजे विषय संपला, नोंद होणार. मधला, ‘गुन्हा कबूल आहे, परंतु खुलासा द्यायचा आहे’. म्हणजे न्यायाधीशांपुढं उभं राहून कारण सांगायचं. पटलं तर शिक्षा कमी करतील, नाही तर नाही. तिसरा, ‘गुन्हा नाकबूल आहे’. म्हणजे खटला, साक्षी, पुरावे. जिंकलं तर पाटी कोरी, हरलं तर सगळंच गेलं.

मी नाकबूल म्हणायचं ठरवतेय. आपण ज्या ‘थांबा’च्या पाटीला थांबलो नाही म्हणतात, ती पाटी मी मंगळवारी मुद्दाम जाऊन पाहिली. झाडाची फांदी आलीय तिच्यावर. दोन अक्षरांतलं एकच दिसतं. फोटो काढलेत. इथले बाकीचे ड्रायव्हरही म्हणतात, नाकबूलच म्हण, पोलीस तारखेला येत नाहीत, आपोआप सुटशील.

पण साक्षीदार असला तर बरं. गाडीत तू होतीस. तू एवढंच सांगायचं की पाटी दिसत नव्हती. जमेल ना? मला तर तेवढंच आठवतंय की तू ‘थांब’ म्हणालीस. तुझं दर दोन मिनिटांनी असतंच, थांब, तुला सांगते. आता कुठली गोष्ट निघतेय म्हणून मी वाट बघत होते, आणि गोष्टीऐवजी शिट्टी झाली.

निघते. दुसरी पाळी.

बटण


१७ फेब्रुवारी

बटणा,

साक्षीदार मी? आमच्या सात पिढ्यांत कोणी कोर्टाची पायरी चढलं नाही, आणि शहाण्यानं चढू नये म्हणतात. पण मी कुठं शहाणी आहे. येते.

तुझी नोटीस तू पत्रात उतरवलीस ते फार छान केलंस. मी अक्षरं जुळवत वाचलं. ‘कबूल’ लगेच लागलं. मग आलं ‘नाकबूल’. मी वाचलं ‘नाक, बूल’. म्हटलं कोर्टाचा आणि नाकाचा काय संबंध, त्या पोलिसाच्या सर्दीबद्दल असेल. बाई हसून खाली बसल्या. मग त्यांनी समजावलं, ना वेगळा, कबूल वेगळा. मला तरी अजून वाटतं, नाक वर करून म्हणायचं म्हणूनच ते नाकबूल.

कपडे काढून ठेवले. इस्त्री मीच केली. कोर्टात जायची इस्त्री वेगळी असते, हे तुला सांगून ठेवते. बाहीवर दुहेरी घडी आली की माणूस खोटा दिसतो. आमच्याकडे एका वकिलाचे कपडे यायचे, त्याची माणसं सांगून जायची, बाही एकाच घडीची पाहिजे. पायात मात्र जुन्याच चपला घालीन, नव्या चावतात, आणि साक्ष देताना लक्ष पायाकडे जायला नको.

आता एक दुरुस्ती. साक्ष बरोबर पाहिजे म्हणून सांगते. तू लिहिलंयस मी ‘थांब’ म्हणाले. नाही ग. मी ‘थांबा’ म्हणाले. तुला मी कधी अहोजाहो करीन का? लहानपणी तुझं नाक पुसलंय मी. मी पाटी वाचली. तू उंच, तुझ्या डोळ्यांपुढं फांदी आली असेल. मी बुटकी, मला फांदीच्या खालून लख्ख दिसली, लाल पाटी, पांढरी अक्षरं. आणि ऐक, तो माझा पहिला शब्द. म्हणजे बाकीच्या सगळ्या पाट्या मी अक्षर अक्षर जोडून वाचल्या होत्या, चा, व्या, ब, न. ही मला जोडावीच लागली नाही. एकदम तोंडातून आली, जशी माणसं वाचतात तशी. घरी आल्यावर तुला सांगणार होते, पण तुझं तोंड उतरलेलं, मग राहून गेलं. बाईंना सांगितलं तर त्यांनी सगळ्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या.

हेही सांगू ना कोर्टात? न्यायाधीशांना बरं वाटेल. त्यांच्याकडे दिवसभर रडगाणीच येत असणार.

तारीख कळव. डबा आणायचा की तिथं काही मिळतं?

आजी


२० फेब्रुवारी

आजी,

डबा आणू नकोस. येऊच नकोस.

तुझं पत्र काल गाडीच्या बाकावर बसून तीनदा वाचलं. तुला कळलं नाही का तू काय लिहिलंस? मी सांगणार पाटी दिसत नव्हती, आणि माझीच साक्षीदार सांगणार की सत्तरी ओलांडलेल्या बाईला लख्ख दिसली आणि तिनं ती मोठ्यानं वाचूनही दाखवली. मग फांदीचे फोटो कोण बघणार.

तुझा राग नाही आला. रागवायलाही अंगात काही लागतं. आज पहाटे साडेतीनला उठले, त्या खुर्चीवाल्या बाईंच्या इमारतीची लिफ्ट बंद, तीन मजले त्यांना मी आणि वॉचमननं उचलून आणलं. पाठ अशी झालीय की गियर टाकताना मला ती वेगळी आहे असं जाणवतं.

वर्गातल्या बाईंना सांगितलंस ते ठीक आहे. आणखी कोणाला सांगू नकोस.

खूण अजून केलेली नाही. पाच दिवस आहेत.

बटण


२२ फेब्रुवारी

बटणा,

कळलं. उशिरा कळलं, पण कळलं. पत्र वाचून मी बराच वेळ खिडकीत बसले. खाली भाजीवाल्याच्या गाडीवर लिहिलंय ‘उधार नाही’, तेवढंच वाचत बसले.

मग विचार केला. मी येते आणि सांगते, मला वाचताच येत नाही. कोण नाही म्हणणार? सत्तर वर्षं खरंच होतं ते. एका वर्षाचं काय घेऊन बसायचं. माझ्याकडे बघून कुणाला वाटतच नाही मला वाचता येत असेल. बँकेत गेले की खिडकीतला माणूस मला न विचारता शाईची डबी पुढं सरकवतो. गेल्या महिन्यात मी त्याला म्हटलं, पेन द्या, तर त्यानं माझ्यामागे कोण उभंय ते बघितलं. तर तेच कोर्टात. अंगठा उठवीन, म्हणीन, साहेब, मला काळं आणि पांढरं एवढंच कळतं, पाटीचं मला काय विचारता. खोटं बोलताना माझा चेहरा कसा होतो ते मी आरशात बघून ठेवलंय. काही होत नाही. सुरकुत्या एवढ्या आहेत की त्यात एक खोटं सहज मावतं.

फक्त एक कर. त्या दिवशी वर्गातल्या बाई तिथं येणार नाहीत एवढं बघ. त्या फार साध्या आहेत, टाळ्या वाजवायला लावलेल्या त्यांनी.

तुझं काम जाता कामा नये. घड्याळजींना कोण आणणार?

पाठीला शेक घे. गरम पाण्याची पिशवी नसली तर इस्त्री कोमट करून, जाड टॉवेलवरून फिरवायला सांग कुणाला. आमच्या लॉन्ड्रीत सगळ्याजणी तेच करायच्या. कोमट हं, नाहीतर मी तुझी पाठराखण करायला जायची आणि तुझीच पाठ जायची.

आजी


२४ फेब्रुवारी

आजी,

खूण केली. उद्या सकाळी पहिल्या फेरीनंतर कोर्टात देते.

तुझं पत्र आलं आणि मी आधी खरंच विचार केला, हे जमेल. मग रात्रीचं जेवण तसंच ठेवलं आणि ती फोटोतली पाटी काढून बघत बसले. तुझ्याशी खरं बोलायचं राहिलंय, ते आता लिहिते.

मला फांदी आठवत नाही. पाटी दिसली नाही हे खरं, पण फांदीमुळं नव्हे. मला तो कोपराच आठवत नाही. पेट्रोल पंप आठवतो, आणि मग एकदम पोलीस आणि तुझा रुमाल. मधलं काही नाही, फक्त कुठून तरी लांबून आलेलं तुझं ‘थांब’. फांदी मी नंतर शोधून काढली, मंगळवारी, कारण मला काहीतरी हवं होतं.

त्या दिवशी माझी सुट्टी होती असं तुला सांगितलं होतं. नव्हती. दुसऱ्या ड्रायव्हरला ताप होता म्हणून सकाळच्या दोन्ही पाळ्या मीच केल्या, मग दोन तास गाडी चालवत तुझ्याकडे आले. तेराव्या दिवसाला सुट्टी अशी माझी गेली चार महिने चाललीय. साहेब म्हणतात, माणसं मिळत नाहीत. मी नाही म्हटलं तर त्या दिवशी सहाजण मशीनवर पोचत नाहीत. म्हणून नाही म्हणत नाही.

आजी, कोपरा मला आठवत नाही म्हणजे मी गाडी चालवत झोपले होते. दोन सेकंद असेल, चार असेल. गाडीत तू होतीस. मी रोज विचार करते की ते कामावर असताना झालं असतं, मागे घड्याळजी असते, खुर्चीवाल्या बाई असत्या, पट्ट्यांनी बांधलेल्या.

नाकबूल म्हणून सुटले असते तर दुसऱ्याच दिवशी पुन्हा साडेतीनला उठून तीच गाडी. आणि तुला सत्तर वर्षं मागं ढकलून. ते मला करवत नाही. मोठेपणा म्हणून नव्हे, अंगात बळच नाही एवढं लपवायचं.

मधल्या चौकोनावर खूण केलीय. खुलाशाला तीन ओळींची जागा होती. लिहिलं, ‘समक्ष सांगेन.’ नोटिशीत सुनावणीची तारीख आहे १४ मार्च.

बटण


२८ फेब्रुवारी

बटणा,

तू लिहिलंस, आता मीही लिहिते. पत्र बाईंना दाखवलेलं नाही, चुका असतील.

मला माहीत होतं. पूल ओलांडताना तुझी मान एकदा खाली गेली. पेट्रोल पंपाशी पुन्हा. मी पाट्या वाचायला लागले. आनंद होताच, खोटं नाही सांगत, पण ‘चाव्या बनवून मिळतील’ हे इतक्या जोरानं कोण वाचतं? तुला वाटलं म्हातारीला वेड लागलंय. मला वाटलं, आवाज चालू राहिला की तू जागी राहशील. तुला लहानपणी झोपवायला जेवढी बडबड केली नाही तेवढी त्या दिवशी जागवायला केली.

सरळ म्हणायला हवं होतं, बाजूला घे गाडी, झोप अर्धा तास. शहाणं माणूस तेच म्हणालं असतं. पण तू तीन महिन्यांनी आली होतीस. मनात म्हटलं, ही आता झोपली तर उठून म्हणेल, आजी उशीर झाला, तुला दारात सोडते आणि निघते. मग चहा नाही, काही नाही. माझ्या एका चहापायी मी तुला झोपू दिलं नाही. हे इतके दिवस मी मनातल्या मनातही नीट वाचलं नव्हतं.

तेव्हा त्या कोपऱ्याचं सगळं एकटीच्या डोक्यावर घेऊ नकोस. कोर्टात मला बोलवायचं असेल तर येते, खरं आहे ते सांगते. बोलवायचं नसेल तरी चालेल. घडी करून ठेवलेत कपडे, दोन्हीला तयार आहेत.

या महिन्यात तरी त्यांना नाही म्हणायला शीक. तुझ्या आजोबांना नाही म्हणायला मला अकरा वर्षं लागली. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा त्यांना ऐकूच गेलं नाही, इतकं हळू म्हटलं होतं. तू जरा मोठ्यानं म्हण.

आजी


१७ मार्च

बटणा,

चौदा तारीख होऊन तीन दिवस झाले. तुझ्या आईला फोन केला, मला ऐकू आलं ‘झोपलीय’. तीनदा विचारलं, तीनदा तेच ऐकू आलं. भांडले नाही.

दोन ओळी तरी लिही. कागद संपला असेल तर कळव.

आजी


१९ मार्च

आजी,

आईनं तेच सांगितलं होतं, झोपलेच होते. तुला बरोबर ऐकू आलं.

कोर्ट म्हणजे एक लांब दालन, बाक, आणि भिंतीवर एक पंखा जो फक्त पहिल्या बाकावर वारा घालतो. माझा नंबर एकतीस. साडेनऊला बसले, दीडला पुकारलं. सगळ्यांची तोंडं इस्पितळाबाहेर बसणाऱ्यांसारखीच होती, प्रत्येकजण आपला कागद पुन्हा पुन्हा उघडून बघत होता.

माझ्या आधी एक बाई होत्या. त्यांचं नाकबूल. पोलीस आला नव्हता. न्यायाधीशबाईंनी शिपायाकडे बघितलं, शिपायानं मान हलवली, आणि त्या सुटल्या. एका मिनिटात. त्यांची पावती बेकरीच्या कोपऱ्यावरचीच होती आजी, त्याच सर्दीवाल्या पोलिसाची. मी नाकबूल लिहिलं असतं तर मीही गेले असते त्यांच्यामागून, पिशवी खांद्याला अडकवून. हे मी तुला मुद्दाम सांगतेय, नंतर कुठून तरी कळण्यापेक्षा.

मग मी उभी राहिले. न्यायाधीशबाई माझ्याइतक्याच दमलेल्या. म्हणाल्या, “कबूल आहे, मग खुलासा काय? पाटी दिसली नाही म्हणणार?”

मी म्हटलं, “दिसली नाही. ऐकू आली होती.”

बाजूचा लिहिणारा कारकून थांबला. म्हणाला, “हे कसं लिहू?” त्या म्हणाल्या, “म्हणतायत तसंच लिहा.” आणि मला म्हणाल्या, “नीट सांगा.”

मग सांगितलं. तू शेजारी बसून पाट्या वाचत होतीस, ही पण वाचलीस, आणि मला ती कळली नाही कारण मी जागी नव्हते. किती वाजता उठले होते ते त्यांनी विचारलं. किती दिवसांत सुट्टी मिळाली तेही विचारलं. ते सगळं लिहून घेतलं. त्याचं पुढं काय करणार ते बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. तुझ्या चहाचं मी सांगितलं नाही. ते आपल्या दोघींत.

नोंद झाली. सहा महिन्यांचे तीन केले. तीन महिने गाडी चालवायची नाही. लायसन तिथंच टेबलावर ठेवून आले. त्यावर माझा आठ वर्षांपूर्वीचा फोटो आहे, त्यात मी अगदी ताजी दिसते.

कंपनीत किल्ल्या दिल्या. साहेब म्हणाले, जागा ठेवू. लेखी द्या म्हटलं, तर म्हणाले बघू. मी मोठ्यानं म्हटलं होतं, तू सांगितलंस तसं. तरी बघूच म्हणाले. म्हणजे काम आहे की गेलं, ते मला आज तरी माहीत नाही.

शेवटच्या सकाळी मी नव्या ड्रायव्हरच्या शेजारी बसून त्याला घरं दाखवली, कुठं पायऱ्या आहेत, कुणाला कुठून धरायचं. घड्याळजींना मी स्वतःच सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “मी तुझ्या गाडीत बसलो की भरवशानं डोळे मिटायचो. तू पण मिटत होतीस होय?”

ते उतरताना माझ्याच हाताला धरून उतरले. एवढं मात्र केलं त्यांनी.

घरी येऊन झोपले. सोळा तास, मग उठून पाणी प्यायले आणि पुन्हा अकरा. आईनं दोनदा नाकाशी हात धरून बघितलं म्हणे.

तुझ्याकडे येऊ का काही दिवस? बसनं येईन.

बटण


२२ मार्च

बटणा,

विचारतेस काय. ये.

तुझं पत्र मी सलग वाचलं, कुठं अडले नाही. ती नाकबूलवाली बाई सुटली ते वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि तिला दोन शिव्या दिल्या, तिचा काही दोष नसताना. मग पुन्हा उचललं. तू सुटली नाहीस याचं आजीनं बरं मानू नये. पण सत्तावीस तास झोपलीस हे वाचलं, आणि मानलं मी. तुला राग आला तर आल्यावर सांग.

काम राहील की जाईल ते मला कळत नाही, तुझ्या साहेबाचं ‘बघू’ मला चांगलं वाटत नाही. आमच्या लॉन्ड्रीतही बघू म्हणायचे. पण तीन महिन्यांनी लायसन तर परत मिळणार आहे, आणि माणसं त्यांना तेव्हाही मिळत नसणार. तोवर कुणी विचारलं काय करतेस, तर सुट्टीवर आहे म्हणू नकोस. सुट्टी म्हटलं की सगळे काम सांगतात. शिक्षा झालीय म्हण. मग कुणी जवळ येत नाही.

खाट रस्त्याच्या खिडकीपासून काढून आतल्या भिंतीला लावली. खालच्या शिंप्याला हाताशी घेतलं, एकटीनं ओढली नाही, ओरडू नकोस. पहाटे पाणी भरताना बादली वाजते, तर नळाखाली फडकं घालून ठेवीन. स्टँडवर घ्यायला येणार नाही. आले की मी बोलायला लागेन आणि तू बसमधून झोपेतून उठलेली असशील.

दार ढकलून ये, कडी लावत नाही. मी आत असले आणि काही बोलले नाही, तर रागावलीय असं समजू नकोस. पहिला दिवस गप्प राहायचं ठरवलंय. दुसऱ्या दिवसाचं माझं मला सांगता येत नाही.

आजी